१ जूनची माणसं

महाराष्ट्रात साठी-सत्तरी उलटलेल्या इतक्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच का येतो, याचं उत्तर जुन्या गुरुजींकडे असतं. बापाने पोराला शाळेत आणून उभं केलं, की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला सांगत. हात पोचला तर पोर सहा वर्षांचं. मग जूनपासून मागे सहा वर्षं मोजायची आणि रजिस्टरात तारीख घालायची. शाळेचं काम भागायचं. हीच तारीख पुढे पेन्शनच्या कागदावर, आधार कार्डावर आणि पासपोर्टवर चढली, आणि तिच्यावर कुणी शंका घेतली नाही.

माझ्या मावशीची जन्मतारीख १ जून १९५३. तिची मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि तिने आईच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. नागरिकाच्या आईवडिलांना कोट्याची रांग नसते, त्यामुळे गाडी लवकर पुढे सरकते आणि कागदांपाशी येऊन थांबते. मावशीकडे जन्माचा दाखला नव्हता. तिच्या पिढीतल्या खेड्यातल्या बाईकडे तो असता तरच नवल.

हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाही माहीत आहे. कुठल्या देशातला कोणता कागद ग्राह्य धरायचा, याची त्यांनी देशवार माहिती दिलेली आहे. भारताच्या बाबतीत १ एप्रिल १९७० ही तारीख कळीची, कारण जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा त्या दिवसापासून लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्याने महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला द्यायचा. त्याआधीच्यांना शाळेचा दाखला आणि वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र चालतं. मूळ नोंद मिळत नाही, असं सक्षम अधिकाऱ्याचं पत्र जोडलं की बाजू भक्कम होते.

हे पत्र मिळवायचं तर नोंद आधी खरोखर शोधावी लागते. १९७०च्या आधी गावात जन्म-मृत्यूची नोंद होतच नव्हती, हा गैरसमज आहे. गाव नमुना १४ नावाची नोंदवही होती. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्माची बातमी कोतवाल आणायचा, ती या वहीत चढायची आणि वह्या पुढे तहसील कचेरीत जमा व्हायच्या. आम्ही गेलो त्या कचेरीत अभिलेख कक्षाचा कारकून चटकन उठला, याचं श्रेय आमच्या अर्जाला नव्हतं. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले रुमाल सुटले, मोडी वाचणारे बोलावले गेले. कुठल्या गावाचं दप्तर कुठल्या फडताळात आहे, हे तेव्हापासून त्याला पाठ होतं.

त्याने रुमाल सोडला. कागदाच्या कडा हात लावताच तुटत होत्या. पानांवर बापाचं नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढंच. बाळाचं नाव नाही. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाल्यावर नाव येणार कुठून? आणि जिने जन्म दिला तिचं नाव आम्ही पाहिलेल्या एकाही पानावर नव्हतं. (१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लावायचं, असं राज्य सरकारने ठरवलं. १९५३च्या मुलींना त्याचा काय उपयोग!) आमच्या गावाच्या १९४८पर्यंतच्या वह्या होत्या आणि १९५६पासून पुढच्या होत्या. मधल्या नव्हत्या. कारकुनाने तसं लिहून दिलं, ग्रामसेवकाने ग्रामपंचायतीतर्फे नोंद अनुपलब्ध असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

कचेरीच्या आवारात एका एजंटाने सोपा रस्ता सुचवला होता : “उशिराची नोंद करू, क्यूआर कोडवाला कोरा करकरीत दाखला देतो.” उशिराच्या नोंदीची तरतूद कायद्यात आहे. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२५मध्ये बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर महाराष्ट्राने त्याची पडताळणी कडक केली. पण ज्याला गरज नाही त्याने त्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे. सत्तर वर्षांनी, अर्ज केल्यावर काढलेला दाखला पाहून परदेशी अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार, की हा कशाच्या आधारावर दिला? आधार तोच शाळेचा दाखला आणि तेच प्रतिज्ञापत्र. मग ते सरळ का देऊ नये? शाळेच्या दाखल्याची शाई मावशीच्या लग्नाआधीची आहे, आणि तेव्हा अमेरिकेचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. त्याचं वजन तिथेच आहे.

खरं काम प्रतिज्ञापत्राचं. मावशीहून मोठं आणि हयात असं माणूस एकच उरलं होतं, थोरले मामा. नोटरीकडच्या टायपिस्टने तयार मसुदा काढला : ‘सदर इसमाचा जन्म १ जून १९५३ रोजी झाला हे मला माहीत आहे.’ मामांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“गौरी जेवल्या त्या दिवशी झाली ती. मी अकरा वर्षांचा होतो, सुईणीला बोलवायला मीच पळालो. १ जून कुठनं आला?”

“मामा, तो शाळेने घातला.”

“मग शाळेला सांगा सही करायला.”

गौरी येतात भाद्रपदात. जूनमध्ये त्या यायच्या नाहीत. टायपिस्ट म्हणाला, सगळेच असं लिहितात, सही करा. पण मामांची अडचण रास्त होती आणि त्यांची आठवण हाच आमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा होता. अशा कागदात तारखेइतकंच महत्त्व असतं ते सांगणाऱ्याला ती गोष्ट कशी कळली याला. ‘मला माहीत आहे’ हे वाक्य त्या दृष्टीने पोकळ आहे. अकरा वर्षांचा भाऊ सुईणीकडे पळत गेला, हे पोकळ नाही.

मग मसुदा नव्याने लिहिला. मामांचं मावशीशी नातं, त्यांचं स्वतःचं वय, कुठल्या घरात बाळंतपण झालं, आईचं माहेरचं आणि सासरचं नाव, वडिलांचं नाव. सण आठवतो, इंग्रजी तारीख घरात कुणी टिपून ठेवली नव्हती. शाळेने १ जून ही तारीख लावली आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तीच आहे. वर्षाबद्दल मामांना खात्री होती, कारण १९६७च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मावशी चौदा वर्षांची होती. लग्नात मावशीचं पहिलं नावही बदललेलं, म्हणून दोन्ही नावांची बाई एकच, असा आणखी एक परिच्छेद. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, त्याखाली आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, अशी भाषांतरकाराची सही.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत झाली. खिडकीमागच्या बाईंनी मामांचा कागद वाचला, मुलगी काय करते, किती वर्षं तिकडे आहे, एवढं विचारलं. १ जूनबद्दल एक अक्षर नाही. त्या खिडकीतून त्यांनी अशा किती तारखा पाहिल्या असतील.

तुमचे आईवडील १९७०च्या आधीचे असतील आणि मुलं परदेशात असतील, तर अर्जाची वाट पाहू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रमाणित प्रत आत्ताच काढून ठेवा, आणि घरातलं जे माणूस त्यांच्याहून मोठं आहे त्याला नोटरीकडे घेऊन जा. दाखल्याची दुसरी प्रत शाळेतून पुन्हा मिळेल. थोरल्या मामांनी ऐंशी ओलांडली आहे.