दोन कर्णांची परीक्षा

स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचा ३०१ हा टर्नटेबल १९५४ साली आला, तोही पेटीविना. लाकडी पेटी ज्याची त्याने करून घ्यायची. म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या पेट्या तऱ्हेतऱ्हेच्या.

सांधे सुटले असतील तर जुना सरस खरवडून फळ्या आधी कोरड्याच जुळवाव्यात. नुसता गुण्या लावून भागत नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही समान भरले, तर कोपरे काटकोनात. फरक असेल तर सरस ओला असतानाच लांब कर्णाच्या टोकांना शिकंजा लावून हळूहळू आवळायचा. कर्ण जुळूनही पेटी पिळलेली असू शकते, म्हणून हे काम सपाट फरशीवर करावे. पिळलेल्या पेटीत स्क्रू ओढून बसवले, की ताण यंत्राच्या सांगाड्यावर येतो. पॉलिश त्यानंतरच करा.