लाईट जाईल, पण काम अडायला नको

मैत्रिणींनो, लाईट जाणं आपल्या नांदेड-लातूरकडच्या बायकांना काही नवीन नाही. २००५ नंतरची ती सात-आठ वर्षं आठवा. भारनियमनाच्या वेळा पाहून आपण दळण, मिक्सर, पाण्याची मोटर असं सगळं बसवायचो. २०१३ च्या दुष्काळात तर परळीचं वीज केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आता ते रोजचं भारनियमन राहिलेलं नाही. पण वळवाच्या पावसात तार तुटते, डीपी जळतो आणि तास-दोन तास अंधार होतोच.

तेव्हा लाईट गेली की घरकाम अडायचं, आता कमाई अडते. घरी बसून टायपिंग, ऑनलाइन शिकवण्या, हिशेबाची कामं करणाऱ्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या दिवशी लाईट गेली तर लेकरापेक्षा आईचाच जीव टांगणीला लागतो.

आणि तरीही घरात इन्व्हर्टर येतो तो पंखा आणि टीव्हीसाठी! हॉलची जोडणी होते. बाईचा कॉम्प्युटर ज्या कोपऱ्यात असतो तिथवर वायर जातच नाही. हे मी अनेक घरांत पाहिलंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ही खरेदी घरच्यांवर किंवा दुकानदारावर सोडू नका. तुमचं काम तुम्हालाच माहीत.

किती वॉट, किती वेळ?

पंगतीला माणसं किती हे न विचारता तांदूळ शिजायला टाकतो का आपण? इथंही तसंच. काय काय चालू ठेवायचंय आणि किती वेळ, हे आधी कागदावर मांडा. साधा कॉम्प्युटर आणि एलईडी मॉनिटर मिळून शंभर ते दीडशे वॉट घेतात. वायफायचा राऊटर दहा-पंधरा वॉटच. साधा पंखा पंचाहत्तर.

यूपीएसवर ६०० व्हीए असा आकडा असतो. तो म्हणजे वॉट नव्हे. साध्या यूपीएसमध्ये ६०० व्हीएचे प्रत्यक्षात ३६० वॉटच मिळतात. शिवाय आतली बॅटरी छोटी, बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची. त्यावर कॉम्प्युटर दहा-वीस मिनिटं चालतो. म्हणजे यूपीएस हा काम सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी. तासभर काम करण्यासाठी नाही. लेझर प्रिंटर त्यावर कधीच जोडू नका, तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

तासन्‌तास काम करायचं असेल तर इन्व्हर्टर हवा. १५० एएचच्या नव्या बॅटरीवर एक कॉम्प्युटर, राऊटर, पंखा आणि ट्यूब चार-पाच तास चालायला हरकत नाही. घ्यायचा तर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा घुंघुं करतो आणि नाजूक उपकरणांनाही ते चांगलं नसतं. त्याच्या पाठीमागं एक बटण असतं, ते ‘यूपीएस’वर ठेवलं तर लाईट जाताना कॉम्प्युटर बंद पडत नाही. मात्र त्या बटणावर इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, साधारण १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर जातो. संध्याकाळी तुमच्याकडे दिवे मंदावत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या. नाही तर लाईट असूनही बॅटरी उतरत राहील.

लॅपटॉप असेल तर?

मग खर्च आणखी कमी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, अडतो तो राऊटर. जुना लँडलाइन फोन लाईट गेली तरी चालायचा, कारण त्याची वीज तारेतून एक्स्चेंजमधूनच यायची. फायबरची तार काचेची, तिच्यातून फक्त उजेड येतो, वीज नाही. म्हणून घरातल्या डब्याला आपणच वीज पुरवायची. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, दोन ते चार तास पुरतो. राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असं लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. दोन डबे असतील तर दोन्हींची सोय बघा. आणि नेटवाल्याला नक्की विचारा, ‘गल्लीतली लाईट गेली की तुमच्याकडं बॅकअप आहे का?’ त्याचंच बंद पडलं तर आपला यूपीएस काय करणार!

बॅटरीची निगा

आपल्याकडचा एप्रिल-मे बॅटरीचा वैरी. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असं धरतात. पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीखाली ती ठेवू नका. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी; गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ नको. पाण्याची खूण महिन्या-दोन महिन्यांनी बघा. खाली गेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं किंवा फिल्टरचं नाही. आणि कॉम्प्युटरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बॅटरी घेण्याआधी अर्थिंग तपासा.

वॉरंटी विचारताना ‘किती महिने फुकट बदलून आणि किती महिने फक्त सूट?’ असं फोड करून विचारा. कार्डावर तारीख, शिक्का आणि बॅटरीचा नंबर दुकानातच लिहून घ्या. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यातलं शिसं विषारी असतं, आणि नवी घेताना दुकानदार तिचे पैसे वजा करतो.

आणि जोडणीला माणूस घरी आला की चहा ठेवायला आत जायच्या आधी त्याला सांगा, पहिली वायर माझ्या टेबलापर्यंत!