स्टिकर किती घालावे? उत्तर प्रकाशात सापडते

केळीच्या पानावर साधे पाणी शिंपडले तर त्याचे मोती होऊन ते घरंगळून जातात. पानावरच्या मेणाच्या थराला पाणी धरत नाही. म्हणूनच रावेर, यावल, चोपडा भागात करप्याची फवारणी करताना औषधाबरोबर स्टिकर घालतात. परंतु जास्त घातले म्हणजे जास्त चिकटेल, हा समज बरोबर नाही.

साबण असो वा स्टिकर, त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि तेला-मेणाची ओढ असलेली शेपटी असते. थोडे स्टिकर टाकले की हे रेणू प्रथम पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, पृष्ठताण उतरतो आणि थेंब पसरतो. पृष्ठभाग भरला की जादा रेणू शेपट्या आत व डोकी बाहेर ठेवून पाण्यातच गोळे करतात. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. मायसेल बनू लागले, की पुढे कितीही स्टिकर ओता, पृष्ठताण फारसा उतरत नाही.

ही सीमा ओळखायची कशी? मायसेल सुमारे ४ ते ५ नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग! द्रावण डोळ्यांना नितळच दिसते. प्रयोगशाळेत यासाठी प्रतिदीप्तीचा उपयोग करतात. बँकेतल्या दिव्याखाली नोटेवरचा धागा चमकतो ना, तोच हा गुण. पायरीन नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात द्रावणात मिसळून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. पायरीन निळसर-जांभळे चमकते. त्या प्रकाशात सुमारे ३७३ व ३८४ नॅनोमीटरला दोन शिखरे दिसतात. नुसत्या पाण्यात पहिले शिखर दुसऱ्याच्या पावणेदोन पट तरी उंच असते. मायसेल बनताच पायरीन त्याच्या तेलकट पोटात शिरते आणि दोन्ही शिखरे जवळपास सारखी होतात. हा बदल ज्या प्रमाणाला होतो, तीच सीमा. शांपूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटची सीमा शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅम येते. विद्युतभार नसलेल्या अनेक स्टिकरची त्याहून पुष्कळ कमी असते. (पायरीन हे प्रयोगशाळेचेच द्रव्य आहे, शेतात त्याचे काम नाही.)

मात्र सीमेवरच थांबावे असेही नाही. काही स्टिकर पानाचे मेण व औषधाचे कण शोषून घेतात, त्यामुळे लेबलवरील मात्रा थोडी वरची असू शकते. ती पाळावी. दुप्पट-तिप्पट घातल्यास पैसा जातो, द्रावण पानावरून ओघळते आणि कोवळी पाने करपण्याची भीती असते.

निंबोळी अर्कात साबण घालणाऱ्यांनी पाणी पाहावे. धुळे-जळगावकडील अनेक बोअरचे पाणी जड असते. त्यातला चुना साबणाशी जुळून पांढरा साका धरतो. तेवढा साबण वाया जातो आणि नोझल तुंबते ते वेगळेच. बाटलीत पाणी व थोडा साबण घालून हलवा. फेस न येता साका दिसला, तर साबणाऐवजी विद्युतभार नसलेले स्टिकर घ्या.

मात्रा स्वतः पडताळायची असल्यास औषध न घालता तीन भांड्यांत एकेक लिटर पाणी घ्या. एकात लेबलच्या निम्मे, दुसऱ्यात पूर्ण, तिसऱ्यात दुप्पट स्टिकर मिसळा. प्रत्येकाचा एकेक थेंब केळीच्या पानावर ठेवून किती पसरतो ते पाहा. बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या थेंबात फारसा फरक दिसणार नाही.