चहापानाचे अर्थशास्त्र

जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या परिसरात इंडियन सायन्स काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले, तेव्हा देशभरातील संशोधक पाच दिवस आपल्या दारी आले होते. आपल्यापैकी कितीजणांनी त्यातील एखाद्या अनोळखी माणसाशी घटकाभर बोलणे केले, हा प्रश्न तेव्हाही मनात आला व अद्याप सुटलेला नाही.

अधिवेशने, चर्चासत्रे, मेळावे यांचे आपल्याकडे उदंड पीक आहे. नोंदणी करावयाची, पिशवी व प्रमाणपत्र घ्यावयाचे आणि जेवणाच्या रांगेत आपल्याच महाविद्यालयातील चौघांच्या मागे उभे राहावयाचे, हा क्रम ठरलेला. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका परिषदेत आम्ही नागपूरचे पाचजण तीन दिवस एकाच टेबलाशी बसून वेतननिश्चितीवर बोललो. ती चर्चा प्रवासखर्चाविना येथील स्टाफरूममध्येही झाली असती. परतल्यावर कळले की, ज्या कापूस-खरेदीवर मी लिहीत होतो, तिची आकडेवारी वर्षानुवर्षे जमविणारे एक गृहस्थ पलीकडच्याच टेबलाशी होते. त्यांचा पत्ता मिळेपर्यंत माझा लेख, त्यातील उणिवांसह, छापून झाला होता.

या चुकीचे शास्त्र मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच मांडले होते. बोस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, की ही माहिती देणारा माणूस तुम्हांला किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. बाकीचे सारे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. आपल्या जिवलगांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते. नवी बातमी दुरूनच येते. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांतूनही असेच दिसले. मात्र अगदी नाममात्र ओळख तितकी उपयोगी पडत नाही, हेही त्यांत आढळले. खिशात पन्नास व्हिजिटिंग कार्डे कोंबणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

यावर आक्षेप येईल, की हा वशिलाच नव्हे काय? मराठी मध्यमवर्गाला ओळख काढण्याचा जो संकोच वाटतो, त्याच्या मुळाशी हीच शंका आहे, आणि ती निराधार नाही. एकाच धंद्यातील माणसे एकत्र जमली, की संभाषण ग्राहकाविरुद्धच्या संगनमतापाशी येऊन ठेपते, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच बजावले आहे. तरीही भेद स्पष्ट आहे. वशिला दुसऱ्याची वाट अडवितो. ओळख केवळ वाट कोठे आहे ते सांगते. अधिकाऱ्याच्या मुलाला ही माहिती घरच्या जेवणाच्या पानावर मिळते. गडचिरोलीच्या एखाद्या खेड्यातून येथे शिकावयास आलेल्या मुलाच्या आप्तांत कोणती शिष्यवृत्ती केव्हा निघते, हे सांगणारे कोणीच नसते. त्याने संकोच धरला, तर नुकसान त्याचेच होते.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो: कार्यक्रमपत्रिका आधी वाचा, दोन नावे हेरा, प्रत्येकासाठी एक नेमका प्रश्न तयार ठेवा. नोकरी मागू नका. ती कशी मिळते ते विचारा. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही असेल, गावचे भाव किंवा पाहणीतील एखादा आकडा, तर ते आधी द्या. आणि आठवड्याच्या आत चार ओळी लिहून आभार माना. बहुतेक ओळखी या चार ओळींअभावीच मरतात.

आयोजकांचाही येथे दोष आहे. सत्कार लांबतात आणि कात्री लागते ती चहाच्या वेळेला. पुढील महिन्यात आमच्याच महाविद्यालयात एकदिवसीय चर्चासत्र आहे. पाच सत्कार वगळून चहाला चाळीस मिनिटे द्यावीत, असा अर्ज मी केला आहे. प्राचार्यांनी तूर्त दोन सत्कार सोडले आहेत; उरलेल्या तिघांबाबत बोलणी चालू आहेत.