चॉकलेटची खटाई, घरच्या चुलीवर

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बेकरीकडे नजर टाकावी. मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून बायामाणसे येतात, भट्टीवाला पत्र्यावर गोळे मांडतो आणि थोड्या वेळाने डबा भरून नानखटाई घरी जाते. आज शहरात जिला 'कुकी' म्हणतात, ती हिचीच चुलत बहीण. मुंबई-पुण्याचा पाहुणा चॉकलेट आणि काजू घातलेली कुकी घेऊन येतो, मुले चाखतात, आणि मग घरात टुमणे सुरू होते. बिरवाडीसारख्या गावी ही वस्तू घरी होईल का? होईल, आणि भट्टीवाचून होईल.

आधी हिचे कूळ पाहू. 'कुकी' हा शब्द डच भाषेतल्या लहान केकच्या नावावरून आला. 'नान' हा फारसी, म्हणजे रोटी. सुरतेत अशी हकीकत सांगतात की, डच वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणाऱ्या पारशी बेकरीतून नानखटाई निघाली. हकीकत खरी असेल तर दोघी बहिणींचे आजोळ एकच म्हणायचे! कोकोचे झाड अमेरिका खंडातले. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 मध्ये त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'देवांचे अन्न' असा होतो. आणि आपण ज्याला कोकणचा मेवा म्हणतो तो काजूसुद्धा पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला. तेव्हा परके काय नि घरचे काय, हा वाद इथे घालण्यात अर्थ नाही.

भाजण्याची रीतही आपल्याला नवी नाही. तवशाचे धोंडस कोकणात कसे होते? जाड बुडाचे पातेले, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. ओव्हन म्हणजे दुसरे काय? चहूकडून सारखी, कोरडी आच. ते कळले की निम्मे काम झाले.

आता जिन्नस. दीडशे ग्रॅम मैदा, वीस ग्रॅम कोको पावडर, ऐंशी ग्रॅम पिठीसाखर, शंभर ग्रॅम थिजलेले तूप, पन्नास ग्रॅम काजूगर किंवा शेंगदाणे, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात सुपारीपेक्षा जरा मोठे असे चोवीस-पंचवीस गोळे होतात. कोको बिनसाखरेचा घ्यावा. दुधात घालून पिण्याची जी गोड भुकटी मिळते ती इथे उपयोगाची नाही.

तूप आणि साखर परातीत घेऊन तळहाताने फेसावे. रंग पांढरट होईतो आणि हाताला हलके लागेतो फेसावे. कंटाळा करू नये, कारण या फेसण्यातच हवेचे बारीक बुडबुडे तुपात अडकतात आणि आचेवर तेच फुगतात. मग चाळलेला मैदा, कोको, बेकिंग पावडर, मीठ आणि दाण्यांची जाडसर भरड घालून नुसते एकत्र करावे. मळू नये, बरं का! गव्हाच्या पिठातली प्रथिने पाण्याशी मिळून चिवट तंतू धरतात. पोळीला तो चिवटपणा हवा असतो, खटाईला तो मारक. तुपाचा लेप पिठाच्या कणांवर बसला की पाणी आत शिरत नाही, तंतू धरत नाही आणि खटाई खुसखुशीत होते. आपण चकलीला, शंकरपाळ्याला मोहन घालतो ते याच कारणाने. लोण्यात सहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी असते, तुपात जवळजवळ नसते. म्हणून इथे तूप बरे. गोळा अगदीच वळेना तर चमचाभर दूध, अधिक नको.

महाड-पोलादपूरकडच्या डोंगरउतारावर नाचणी होते. पन्नास ग्रॅम मैदा कमी करून त्या जागी नाचणीचे पीठ घालून पाहावे. नाचणीत तो चिवट धागा मुळातच नसतो, त्यामुळे खटाई अधिक भुसभुशीत होते. फार घातले तर मात्र उचलताना मोडते. रंगाचे म्हणाल, तर कोकोत नाचणी कुठल्या कुठे लपते. माझ्या मते मैद्याच्या खटाईहून हिची चव सरस.

जाड पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, वर एखादे वेटोळे ठेवावे, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. तूप लावलेल्या ताटलीत थोडे चपटे केलेले गोळे अंतर राखून मांडावेत, ताटली आत ठेवून झाकण लावावे आणि आच मंद करावी. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. साधी नानखटाई रंगावरून कळते, पण ही आधीच काळसर. इथे डोळा फसतो. नाकावर भिस्त ठेवावी. कोकोचा खमंग वास सुटला आणि कडा कोरड्या दिसल्या की उतरावे. करपट वास येईपर्यंत थांबलात तर कोको कडू झालाच. गरम असताना खटाई मऊच लागते, निवल्यावर कडक होते. म्हणून कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये.

ही वस्तू एकट्याने खाण्याची नव्हे, वाटण्याची. आणि वाटण्याची गोष्ट आपल्याकडे साधी नव्हती. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी मंडळी व्याख्यानाला जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. तेवढ्यावरून गावात ग्रामण्य माजले, प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. आणि बिरवाडी ज्या तालुक्यात आहे त्या महाडास तर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. कोणाच्या हातचे कोणी घ्यावे, हा प्रश्न इथल्या मातीत असा लढला गेला आहे. म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की शाळेत हा पदार्थ करवून घ्याल तेव्हा गोळे सगळ्या मुलांनी वळावेत आणि डबा कोणाही मुलाच्या हाती देऊन फिरवावा. आचेपाशी मात्र मोठे माणूस हवे.

वाटण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. काही मुलांना शेंगदाणे किंवा काजू सोसत नाहीत. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडतो. हे लाड नव्हेत. असे दिसताच तडक दवाखाना गाठावा. ज्या मुलाला त्रास होतो त्याच्यासाठी बिनदाण्याचा घाणा आधी, स्वच्छ भांड्यात काढावा. पाच वर्षांखालच्या मुलांना दाण्याचा तुकडा घशात अडकू शकतो, त्यांना अगदी बारीक कूटच द्यावे.

दाणे निवडताना काटकसर नको. आपल्याकडच्या पावसाळी हवेत शेंगदाण्याला लवकर बुरशी धरते. अशा दाण्यात ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला बाधते आणि भाजल्याने पुरते जात नाही. बुरसा आलेला, काळपट, कडू दाणा टाकूनच द्यावा. 'भाजला की चालतो' हे म्हणणे खरे नाही. ओले काजूगरही यात घालू नयेत. त्यांतले पाणी खटाई मऊ पाडते.

डबा भरायचा तो खटाई पूर्ण निवल्यावर. कोमट भरली तर वाफ धरते. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस सहज टिकते. श्रावणात सादळली तर टाकू नये. त्याच वाळूच्या पातेल्यात मंद आचेवर पाच मिनिटे ठेवून निवू द्यावी, पुन्हा खुसखुशीत होते. तूप-दाण्याचा खवट वास येऊ लागला, तर मात्र त्यावर उपाय नाही.