ग्रंथांचे नवे दप्तर

ग्रंथ लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर येते, छापणाऱ्याचे आतल्या पानावर येते आणि विकणाऱ्याचे दुकानाच्या पाटीवर झळकते. परंतु तोच ग्रंथ नांदेडच्या किंवा न्यू जर्सीच्या वाचकाला घरबसल्या सापडावा म्हणून त्याचे नाव, मोल, पृष्ठसंख्या आणि वजन एका विस्तीर्ण तक्त्यात बिनचूक भरणाऱ्या माणसांचे नाव कोठेच येत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एका जुन्या ग्रंथविक्रेत्याने आपला सारा संग्रह संकेतस्थळावर मांडण्याचे मनावर घेतले, तेव्हा हे काम जवळून पाहण्याची आणि त्याला थोडा हातभार लावण्याची संधी मला मिळाली. आणि या कामाला केवढी सावधगिरी, केवढा विवेक लागतो याची जी प्रतीती तेथे आली, ती वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

कामाची रीत थोडक्यात अशी. वूकॉमर्स किंवा शॉपिफाय यांसारखी जी साधने ऑनलाइन दुकानासाठी प्रचलित आहेत, त्यांत एकेक वस्तू स्वतंत्रपणे भरता येते. परंतु संग्रह हजारोंच्या घरात असला की तो मार्ग निरुपयोगी ठरतो. म्हणून गूगल शीट्समध्ये एक सामाईक शीट उघडतात. एक ओळ म्हणजे एक ग्रंथ आणि एक रकाना म्हणजे त्याचा एक तपशील, असा शिरस्ता ठरवून कित्येक हात एकाच वेळी ती भरत जातात, आणि शेवटी तिची सीएसव्ही फाइल उतरवून ती एकदम दुकानात चढवितात. मी पाहिले तेथे दुकानाचे वयोवृद्ध मुनीम फडताळातून पुस्तक काढून त्याचे श्रेयपान वाचून दाखवीत, समोरची पदवीधर मुलगी ते टंकित करी, आणि तिची सहकारी मिरजेला आपल्या घरी बसून त्याच ओळींची रुजुवात घेई.

पहिली अडचण क्रमांकाची. बहुतेक ग्रंथांच्या पाठीवर जो तेरा अंकी आयएसबीएन असतो, तो २००७ पूर्वी दहा अंकी होता. त्यामुळे जुन्या पुस्तकाचा क्रमांक सुरुवातीला ९७८ जोडून आणि शेवटचा अंक नव्याने काढून तेरा अंकी करावा लागतो. हा शेवटचा अंक म्हणजे साऱ्या क्रमांकाचा ताळा होय. अंकांना डावीकडून आळीपाळीने एक आणि तीन यांनी गुणून बेरीज घेतली असता ती दहाने निःशेष भागली गेली पाहिजे, असा त्याचा नियम. आणि त्याची खुबी अशी की कोणताही एकच अंक चुकला तर ही चूक हमखास पकडली जाते. शेजारचे दोन अंक आलटले गेले तर तेही बहुधा उघडकीस येते. मात्र त्या दोहोंत पाचाचा फरक असेल, म्हणजे १६ च्या जागी ६१ पडले असतील, तर ताळा जुळतो आणि चूक निसटते. मुनीमजींना हे बीजगणित कोणी शिकविले नव्हते. परंतु क्रमांक एकदा सुलटा आणि एकदा शेवटून वाचण्याची त्यांची जुनी सवय नेमकी या निसटणाऱ्या चुकीवरचा उतारा होती.

या क्रमांकाचा घात आणखी एका प्रकारे होतो. उतरविलेली फाइल सहज पाहावी म्हणून कोणी एक्सेलमध्ये उघडतो, आणि तेरा अंकांची ती रांग ‘९.७८ ई + १२’ अशा आखूड रूपात दिसू लागते. तशीच ती जतन केली की ९७८ नंतरचे अंक कायमचे नाहीसे होतात आणि भिन्न भिन्न ग्रंथ एकाच क्रमांकाचे धनी होऊन बसतात. बालसाहित्याच्या ओळींत ‘८-१०’ असा वयोगट लिहिला तर त्याचा अर्थ तारीख म्हणून लावला जातो. ही व्याधी केवळ दुकानदारीची नव्हे. जनुकांची ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी संक्षिप्त नावेही याच रीतीने तारखा होऊन जात, आणि अखेर २०२० साली जनुकांच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली. ग्रंथविक्रेत्याला ग्रंथांची नावे बदलण्याची मुभा नाही. म्हणून आकड्यांचे रकाने आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवणे आणि उतरविलेली फाइल एक्सेलमध्ये न उघडता तशीच चढविणे, हे दोन नियम त्या दुकानात कटाक्षाने पाळले जात.

परंतु मराठी ग्रंथांची खरी कसोटी अक्षरांत लागते. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव दोघांनी टंकित केले. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत होती, आणि तरीही एक शोधले असता दुसरे सापडत नव्हते. कारण असे की ‘ऱ्य’ मधला तो अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो: एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या ‘र’ व हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला भेद दिसत नाही, यंत्राला तो स्पष्ट दिसतो. आणि वाचक मात्र पुस्तक उपलब्ध नाही असे समजून निघून जातो. मिरजेच्या त्या मुलीने हे ओळखले आणि साऱ्या शीटभर एकच रूप कायम केले. प्रकाशकांकडून येणारा मलपृष्ठाचा मजकूर पुष्कळदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतो. तो चिकटविला की देवनागरीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात, आणि तो रूपांतरित करून पुन्हा ओळीने वाचावा लागतो.

लेखकनामांचेही तसेच. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ हे यंत्राच्या लेखी तीन लेखक होत. कुसुमाग्रजांची कविता एका नावाखाली आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकर या नावाखाली, हे तर मूळ ग्रंथांप्रमाणेच ठेवले पाहिजे. पण एकावरून दुसऱ्याकडे जाण्याची वाटही राखली पाहिजे. यासाठी एका वेगळ्या शीटमध्ये अधिकृत नामावली तयार करून तिच्यातूनच नाव निवडण्याची सक्ती केलेली होती. विषयाच्या रकान्यात ‘आरोग्य, योग’ असे लिहिले तर स्वल्पविरामामुळे वूकॉमर्समध्ये दोन स्वतंत्र विभाग उघडतात, आणि वजन किलोग्रॅममध्ये मागितलेले असता ३५० ग्रॅमच्या कथासंग्रहापुढे नुसते ३५० लिहिले तर टपालखर्च साडेतीनशे किलोचा लागतो. हे तपशील लहान खरे, पण ग्राहकाचा विश्वास त्यांवरच टिकतो.

सामाईक शीटमधला सर्वांत भयंकर दोष मात्र निराळाच. कोणी किमतीचा एकच रकाना निवडून त्याला चढत्या क्रमाने लावले, की प्रत्येक किंमत दुसऱ्याच ग्रंथापुढे जाऊन बसते; एकही कोठा रिकामा राहत नाही, एकही इशारा उमटत नाही, आणि सारे दप्तर व्यवस्थित दिसत असताना आतून पूर्ण खोटे झालेले असते. यावर उपाय म्हणजे रकान्यांचे संरक्षण, प्रत्येकाला स्वतंत्र फिल्टर व्ह्यू, आणि जुन्या आवृत्त्यांचा जो इतिहास शीट आपोआप राखते त्याकडे वेळीच धाव. त्याहून मोठा उपाय म्हणजे दर संध्याकाळी फडताळातील काही पुस्तके कोणत्याही क्रमाविना हाती घेऊन त्यांच्या ओळी पडताळणे. तो मुनीमजींनी अखेरपर्यंत सोडला नाही. फाइल चढविण्याची वेळ आली तेव्हाही प्रथम मोजक्याच ओळी पाठवून, त्या दुकानात कशा दिसतात हे पाहून, मगच उरलेला संग्रह पाठविला गेला.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, तिचे ऋण आपण आदराने मानतो. विक्रीसाठी भरलेल्या शीटला त्या विद्वत्कार्याची योग्यता आहे असे मी म्हणत नाही. परंतु ग्रंथाचे नाव, कर्ता आणि आवृत्ती यथातथ्य नोंदविली जावी ही निष्ठा दोहोंच्या मुळाशी एकच आहे, आणि आजचे पुष्कळ वाचक ग्रंथापर्यंत या दुसऱ्या वाटेनेच पोचतात. जो ग्रंथ शोधात सापडत नाही, तो फडताळात असूनही वाचकाच्या लेखी अस्तित्वात नसतो.

म्हणून मराठी प्रकाशकांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक नव्या ग्रंथाबरोबर त्याचे शीर्षक, लेखकाचे एकच ठरलेले नाव, आयएसबीएन, आवृत्ती व साल, पृष्ठसंख्या, वजन, किंमत आणि मलपृष्ठाचा मजकूर, एवढे सारे युनिकोडमध्ये एका ओळीत भरून विक्रेत्यांकडे पाठवावे. ज्याच्या हातून ग्रंथ निर्माण झाला त्यानेच त्याची पहिली नोंद शुद्ध करून दिली, तर पुढच्या शंभर दुकानांत तोच ग्रंथ शंभर वेगळ्या नावांनी जाणार नाही. आणि हे काम जी माणसे करतात, त्यांना कारकुनाचे नव्हे तर संपादकाचे वेतन आणि मान मिळाला पाहिजे.