न खाल्लेली साखर

सिडकोत राहणाऱ्या एका शिक्षिकेने आम्हांला सांगितलेली ही हकिकत आहे. त्यांना आपण नुसते 'बाई' म्हणू. बाईंना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना घाटीत दाखल केले आणि रात्रीची पाळी बाईंकडे आली. (छत्रपती संभाजीनगरात 'घाटी' म्हणजे शासकीय रुग्णालय, जालना-बीडहून येणाऱ्यांनाही वेगळे सांगावे लागत नाही.) रात्री आठला डब्यातली एक पोळी आणि भाजी खाल्ली, तीन-चार वेळा उठून सासूबाईंची कूस बदलली, आणि सकाळी घरी आल्यावर चहासुद्धा न घेता बोट टोचून साखर मोजली. आकडा आला २१४.

मुलगा म्हणाला, "आई, काल काय खाल्लंस?"

बाईंना स्वतःचीच शरम वाटली. साखर वाढली आहे तर नाश्ता नको, असे ठरवून त्यांनी नेहमीची गोळी तेवढी घेतली आणि शाळा गाठली. साडेअकराच्या सुमारास फळ्यावर लिहिताना हात थरथरू लागला, दरदरून घाम फुटला, समोरची मुले अंधुक दिसू लागली. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी वेळीच साखरपाणी दिले म्हणून निभावले.

सकाळी साखर जास्त आणि दुपारच्या आत धोक्याइतकी कमी! यात बाईंची चूक कोणती? आमच्या मते खरी चूक मुलाच्या प्रश्नातच आहे. रक्तातली साखर फक्त तोंडावाटेच येते, असे तो प्रश्न गृहीत धरतो.

आधी थोडे गणित करू. वर्गातही करून घेण्यासारखे आहे. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी सुमारे १०० मिलिग्रॅम साखर असते. म्हणजे एका लिटरमध्ये १ ग्रॅम. अंगात रक्त साधारण ५ लिटर. तेव्हा सगळ्या रक्तात मिळून साखर किती? ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा! बाईंच्या रक्तात त्या सकाळी सुमारे पावणेअकरा ग्रॅम होती, म्हणजे एक-सव्वा चमचा जास्त. (पेशींभोवतीच्या द्रवातही साखर असते. तो धरला तर आकडे दोन-तीन पटींनी वाढतील.) आता यकृताकडे पाहा. जेवण झालेल्या माणसाच्या यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने १०० ग्रॅमच्या आसपास साखर साठवलेली असते. एवढ्या कोठारातून चार-दोन चमचे बाहेर पडायला कितीसा वेळ?

यकृत स्वतः साखर सोडते हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने दाखवले आणि १८५७ मध्ये ग्लायकोजेन वेगळे काढले. पण कोठाराचे दार उघडते कोण? अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९१३ च्या हंगामातल्या शेवटच्या, अटीतटीच्या फुटबॉल सामन्यानंतर हार्वर्डच्या संघातील २५ जणांची लघवी तपासली गेली. १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. गंमत अशी, की त्यांतले ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाहेर बसून होते! त्याच काळात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांची परीक्षेआधी आणि परीक्षेनंतर तपासणी झाली. आधी साखर नसलेल्या ३३ विद्यार्थ्यांपैकी ४ जणांच्या लघवीत परीक्षेनंतर ती आढळली. आपल्या शिक्षकांना हे उदाहरण जवळचे वाटावे.

संकट दिसले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात आणि यकृत साखर मोकळी करते. पळायचे किंवा लढायचे असेल तर स्नायूंना ती लागणारच. दुसरे संप्रेरक कॉर्टिसॉल. ते सावकाश पण तासन्‌तास काम करते. ते यकृताला नवी साखर बनवायला लावते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करते. पहाटे ते नैसर्गिकरीत्याच वाढते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड लगेच जादा इन्सुलिन सोडून तोल सांभाळते. मधुमेहात नेमकी हीच सोय तोकडी पडते. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बाई ना पळत होत्या ना लढत होत्या. सुटलेली साखर वापरली जाणार कुठे?

त्यात जागरण. १९९९ मध्ये शिकागोत ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यानेही त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घटली. ही तर धडधाकट मुले होती.

आता साडेअकराचा प्रसंग. बाई मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड घेत असत. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताला आवर घालते; एकट्याने ते साखर फारशी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. रात्रीचा ताण ओसरला, नाश्ता नव्हता, गोळी आपले काम करत राहिली. सकाळच्या आकड्याला घाबरून उपास करणे हेच धोक्याचे ठरले. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग काहीतरी खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; थेट दवाखाना गाठावा.

अशा वेळी "ताण घेऊ नका" असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हांला तो निरुपयोगी वाटतो. सासूबाईंची कूस मग कोण बदलणार? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. आजारपण आले की त्यात भर पडते. शिवाय आपल्या शहरात वर्षानुवर्षे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आले आहे, आणि त्या दिवशी घरातल्या कुणाला तरी वेळीअवेळी जागे राहावेच लागते. ते 'कुणी तरी' बहुधा कोण असते, हे वाचकांना ठाऊक आहे.

लहान मुलाला मधुमेह झाला की घरातले सगळे शिकतात. संभाजीनगरातली 'उडान' ही संस्था टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करते. अशा मुलांच्या आयांना साखर मोजणे, इन्सुलिनचा हिशोब, साखर उतरल्याची लक्षणे तोंडपाठ असतात. मधुमेह आईलाच असला तर? ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कोणत्या कप्प्यात आहेत, हेही पुष्कळ घरांत दुसऱ्या कुणाला माहीत नसते.

बाईंनी पुढे डॉक्टरांना विचारून रात्रपाळीच्या दिवसांचे वेगळे वेळापत्रक करून घेतले. नाश्ता कधी, कोणती गोळी कधी, जेवण चुकले तर कोणती घ्यायची नाही, हे एका कागदावर लिहून घेतले. (हे प्रत्येकाने आपल्याच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनाने ते बंद करूच नये.) त्या कागदाची एक प्रत शाळेत सहकारी बाईंकडे असते. पिशवीत ग्लुकोज आणि भाजलेले फुटाणे असतात. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांचे यजमान आणि दीर वाटून घेऊ लागले. हे जमायला मात्र महिना लागला आणि दोन भांडणे झाली.

साखरेच्या वहीत आता आणखी एक रकाना आहे, झोपेच्या तासांचा. तो मुलाने आखला आहे.